पहिला पाय कोणाचा

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ती शोधून काढल्याचा तोरा पुढे कोणाला मिरवायला नको. बत्तीस वर्षं मी डिचोलीच्या एका हायस्कुलात पीटी शिकवली. माझी शिट्टी वाजली की चारशे पोरं एकदम हात वर करायची. निवृत्तीनंतर तेवीस म्हाताऱ्यांकडून एक पाय वर करून घेणं तुला जड जाईल, असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला मैदानाच्या चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

गोष्ट दोन हजार आठ सालची. त्या पावसाळ्यात सर्वणजवळच्या गावकरवाड्यावर एकामागून एक पाच म्हातारी माणसं पडली. कोणी न्हाणीत, कोणी पायरीवर, एक तर आपल्याच अंगणात उभ्याउभ्या. दोघांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला लागली ती लागलीच. आरोग्य केंद्रात तेव्हा तेजस्विनी नावाची तरुण डॉक्टर होती. ती माझ्या घरी आली आणि म्हणाली, "टीचर, पडल्यावर माझ्याकडे आणून काय उपयोग? पडायच्या आधी काहीतरी करायला हवं." तिनं एक कागद दिला. त्यावर सात व्यायाम होते. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, टाचा उचलायच्या, चवडे उचलायचे, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायचं, असं. सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा: एका पायावर दहा सेकंद उभं राहायचं. कागद वाचून मी मनात म्हटलं, हे तर बालवाडीचं काम.

वाड्यावर सपाट जागा एकच, देवळाचा सभामंडप. बाकी सगळा चढ नाहीतर उतार, म्हणून तर माणसं पडत होती. पहिल्या दिवशी दुपारी चार वाजता तेवीस जण आले. त्यातले बावीस गावकर, बाया-पुरुष मिळून, सगळे एकाच मूळपुरुषाचे. थोरलं घर, मधलं घर आणि धाकटं घर अशा तीन फाट्यांत वाटलेले. तेविसावी चंद्रावती. ती दोडामार्गाकडची. नवरा खाणीवर कामाला आला त्याच्याबरोबर ती चाळीस वर्षांपूर्वी इथं आली, खाणीवर मातीची घमेली वाहून तिनं चार चिऱ्यांचं घर उभं केलं, नवरा गेला, मुलगा शिकून वास्कोला लागला, आणि अजूनही वाडा तिला 'भायली', म्हणजे बाहेरची, म्हणत होता. वय चौऱ्याहत्तर.

प्रत्येकासमोर आधाराला एकेक प्लास्टिकची खुर्ची मांडून मी शिट्टी वाजवली. कोणी हललं नाही. पुन्हा वाजवली. देवळामागचं कुत्रं उठून आलं, बाकी काही नाही.

"पाय वर!" मी ओरडले.

मधल्या घरचे दत्ताराम म्हणून होते, ज्यांना पाणी पितानाही शंका येते. ते म्हणाले, "टीचर, देवाच्या मांडवांत नवें काम. देवाक सांगूंक नाका?"

सगळ्यांच्या माना बाबुरावांकडे वळल्या. बाबुराव थोरल्या घरचे, वय एकोणऐंशी. पालखीचा पहिला खांदा त्यांच्या घराचा, पहिला नारळ त्यांच्या घराचा, शिगम्यात पहिलं पाऊल त्यांच्या घराचं. त्यांना जरा खूश करावं म्हणून मी हसून म्हटलं, आणि हीच ती चूक, "बाबुराव, तुम्हीच गाऱ्हाणं घाला. आणि पहिला पायही तुमचाच."

बाबुरावांनी कमरेचं पुडवं सावरलं, हात जोडले आणि गाभाऱ्याकडे तोंड करून खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज हीं तुजीं लेकरां तुज्या मांडवांत एक पाय उखलतात. कोणाचो तोल वचूंक दिवं नाका रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी तोंडं एकदम म्हणाली. शिट्टीनं जे झालं नाही ते झालं. बाबुरावांनी पाय उचलला. मग थोरल्या घरातल्या दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. थोरलं घर संपल्यावर मधलं, मधलं संपल्यावर धाकटं, आणि सगळ्यांच्या शेवटी, आपली पाळी नक्की आली ना हे दोनदा बघून, चंद्रावतीनं.

मला वाटलं, बरं झालं, देवाच्या निमित्तानं का होईना, गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आता सगळे एकदम." दत्ताराम माझ्याकडे मी पालखीत बसायला निघाल्यासारखे बघू लागले. "तें कशें? काल देवासमोर मान लागलो न्हू?" एखादी प्रथा पडायला शंभर वर्षं लागतात अशी माझी समजूत होती. एक दुपार पुरते.

मग पाय खाली कधी टेकायचा हा प्रश्न निघाला. पालखीला जो पहिला खांदा लावतो तो शेवटी काढतो, हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा ज्यानं पहिला पाय उचलला त्याचा पाय सगळ्यांत शेवटी टेकणार, यावर तीनही घरांचं एकमत झालं. या वाड्यावर तीन घरांचं एकमत शेवटचं कधी झालं होतं ते कोणाला आठवत नव्हतं, त्यामुळे मलाही तोंड उघडायची लाज वाटली.

आता हिशेब असा. प्रत्येक पायाआधी बाबुराव नाव पुकारणार, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणणार, मग तो पाय उठणार. तेवीस पाय वर जायला एक मिनिट, उतरायला आणखी एक. म्हणजे बाबुराव रोज दोन मिनिटं एका पायावर. मधल्या घराला मिनिटभर मिळायचं, धाकट्या घराला दहा-वीस सेकंद. चंद्रावतीचा पाय जमिनीपासून सुटायचा तोच खाली घ्यायचा पुकारा सुरू व्हायचा, आणि तो तिच्यापासूनच. तिचा पाय वर गेला होता हे फक्त तिला आणि मला माहीत.

बाकीच्या भानगडी वेगळ्याच. पाय मागे उचलला तर तळवा देवाला दिसतो, म्हणून सगळे गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की मागे राखणदार देवाची घुमटी आहे. शेवटी सगळ्यांनी देवळाच्या स्वयंपाकघराच्या दिशेनं तिरपं उभं राहायचं ठरलं. मोजणी मराठीत करायची की कोकणीत, यावर दोन दिवस गेले. सत्त्याऐंशी सालापर्यंत भाषेवरून या वाड्यावर सख्ख्या भावांनी अबोला धरला होता, ते सगळं पुन्हा निघालं. मग दत्तारामांनीच शोध लावला की एक ते पाच दोन्हींत सारखंच आहे, भांडण 'सहा' म्हणायचं की 'स' इथून सुरू होतं. तेव्हापासून आम्ही पाचच आकडे मोजतो. दहा हवे असले तर पाच दोनदा.

दोन महिन्यांनी डॉक्टर तेजस्विनी सगळ्यांचे पाय तपासायला आली. तपासून झाल्यावर तिनं कागदावर एक रेघ ओढली. रेघ थोरल्या घरापासून निघाली ती चंद्रावतीपर्यंत सरळ उतरत गेली. बाबुराव खुर्चीला हात न लावता दोन मिनिटं उभे राहत होते, चढण एका दमात चढत होते आणि नातवाच्या लग्नात नाचायचं म्हणत होते. धाकट्या घरातले दोघे अजून डुलत होते. चंद्रावती दोन सेकंदांत खुर्ची धरत होती.

"टीचर," डॉक्टर म्हणाली, "व्यायामाचा गुण मानाप्रमाणे लागतो, असं मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही."

मला हसू आलं नाही. कारण चंद्रावतीचं काय पणाला लागलं होतं ते मला ठाऊक होतं.

पडलेल्या पाचांत तीही होती. आषाढात एका तिन्हीसांजेला ती न्हाणीत घसरली आणि तिथंच पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. सकाळी पोदेर, आमचा पाववाला, सायकलचा हॉर्न वाजवत आला. तिनं आतून जीव खाऊन हाक मारली. त्याला वाटलं, रोजचीच हाक. त्यानं खिडकीत दोन उंडे पाव ठेवले आणि गेला. तासाभरानं परतताना उंडे तिथंच दिसले आणि त्यावर मुंग्या, तेव्हा कुठे त्यानं दार ढकललं.

तेव्हापासून तिचा मुलगा कृष्णनाथ हट्टाला पेटला होता. आईनं वास्कोला, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यायचं. पोरगा वाईट नाही, मी शिकवलाय त्याला. ती पडल्यापासून सकाळी सहाला आणि रात्री नऊला तो फोन करायचा. मी एकदा त्याला म्हटलं, जरा सबुरीनं घे. तो म्हणाला, "टीचर, फोन वाजता ना, ती उचलीसर माझो जीव खंय असता ता तुमका नाय कळाचा."

आणि चंद्रावती म्हणायची, "थंय माका घागर उचलूक देनत नाय. खुर्चेर बसवतत नि टीव्ही लावून देतत. मी मरान जातलंय, टीचर, पण पडान न्हय, बसान." हे ती चेष्टेनं बोलत नव्हती. तिच्या हातच्या घरातून तिला उठवून नेणार होते, आणि तिच्या डोळ्यांत जी धास्ती होती ती न्हाणीत पडलेल्या रात्रीपेक्षा मोठी होती.

डॉक्टरनं मध्यस्थी केली. कोजागिरीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आईची परीक्षा. काही न धरता एका पायावर दहा सेकंद. उभी राहिली तर ती इथं राहील; नाही तर वास्को. कृष्णनाथ कबूल झाला. मुकाट्यानं कबूल झाला, कारण ती उभी राहणार नाही याची त्याला खात्री होती.

मी तिला म्हटलं, "अगं, मी तुझ्या घरी येते, आपण दोघीच करू." तिनं कानांना हात लावले. देवाला सांगून जे मांडवात सुरू झालं ते घरात चोरून करायचं? "चाळीस वर्सां मी हंय कोणाच्या फुडे चलूक नाय, टीचर. आता लपान पाय उचललंय आणि कोणी बघल्यान, तर मगे माका हंय रवान तरी काय करूचा?" मी चिडले. मग मांडवात बैठक बोलावली आणि सांगितलं की निदान महिनाभर क्रम उलटा करा, चंद्रावतीपासून सुरुवात करा. तीन तास बोलणं चाललं. शेवटी बाबुराव अगदी मऊपणानं म्हणाले, "टीचर, म्हजे हातांत आसतें जाल्यार दिलें आसतें. पूण मान म्हजो न्हय, घराचो. घराचें कशें दिवप?" माणूस खोटं बोलत असता तर मला भांडता आलं असतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मी घरी येऊन शिट्टी कपाटात फेकली.

परीक्षेला दहा दिवस राहिले आणि पेडण्याला एक म्हातारा वारला.

हा थोरल्या घराचा कोणी चुलत काका. वय सत्त्याण्णव. गेल्या तीस वर्षांत त्याला या वाड्यावरच्या कोणी पाहिलं नव्हतं, दोघे-तिघे तर तो कधीच गेला असं समजून होते. पण रक्त एक, तेव्हा शुक्रवारी सकाळी निरोप आला आणि सगळ्या गावकरवाड्याला दहा दिवसांचं सुतक लागलं. बावीसच्या बावीस गावकरांना देवळाची पायरी बंद. ज्याला देवळात पाऊल ठेवता येईल असं वाड्यावर एकच माणूस उरलं. भायली.

त्या दिवशी चार वाजता मांडवात आम्ही दोघीच. बावीस रिकाम्या खुर्च्या आणि ती, सगळ्यांच्या शेवटी, आपल्या जागेवर उभी.

"पुढे ये," मी म्हटलं.

"खंय?"

"बाबुरावांच्या जागेवर. आता पहिली तूच नि शेवटची तूच."

ती चार पावलं पुढे आली आणि थांबली. गाऱ्हाणं कोण घालणार? पूजेला बाहेरगावाहून येणारे भटजी गाभाऱ्यातून म्हणाले, माझं काम पूजेपुरतं. मी तर डिचोलीची, या देवाची कोणीच नाही. शेवटी चंद्रावतीनंच पदर डोक्यावरून घेतला. आवाज असा की देवाला कान पुढे करावा लागला असेल. "देवा म्हाराजा, मी चंद्रावती. तुका ठावक आसा. माका हंय रवाक होया."

पुढे 'व्हय म्हाराजा' कोणी म्हणायचं? मी तोंड उघडणार तोच बाहेरून गर्जना झाली, "व्हय म्हाराजा!"

देवळाभोवती गुडघ्याएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. त्याच्या पलीकडे रस्त्यावर बावीसही गावकर ओळीनं उभे होते. चार वाजले की अंगणातून निघायची पायांना सवय लागली होती, म्हणे. खरं म्हणजे आपल्या पाठीमागे ही काय चुकीचं करते ते बघायला आले होते. रस्त्यावर उभं राहिलेलं चालतं का, असं मी विचारलं. बाबुराव म्हणाले, "रस्तो सरकाराचो. सरकाराक सुतक ना."

पहिल्या दिवशी ती तीन सेकंद उभी राहिली. गडग्यापलीकडून सूचनांचा पाऊस पडत होता. "उजवो, उजवो!" "गुडघो वांकडो करूं नाका!" "नदर एके कडेन धर, त्या खांब्याचेर!" ही शेवटची सूचना बाबुरावांची, आणि ती बरोबर होती, मी दोन महिने ओरडून हेच सांगत होते. दुसऱ्या दिवशी चार सेकंद. चौथ्या दिवशी पाच. पायांत जोर नव्हता असं नाही, घमेली वाहिलेले पाय ते. आत भीती होती. पाय उचलला की तिला न्हाणीची फरशी दिसायची.

पाचव्या दिवशी दत्तारामांना शंका आली. पहिल्यानं शेवटी पाय टेकायचा, हे ठीक. पण हिच्या मागे कोणीच नाही, मग हिनं टेकायचा तरी कधी? रस्त्यावर तासभर खल झाला, एक ट्रक अडकून पडला. निकाल असा लागला की मागे कोणी नसलं तर पाय ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मागे कोणी असलं तर मात्र त्याचा टेकल्याशिवाय आपला टेकता येणार नाही. मला वाटलं, या लोकांना काही काम नाही.

शनिवारी ती सात सेकंदांपर्यंत गेली आणि खुर्ची धरली. त्यापुढे काही केल्या जाईना. सुतकाचा दहावा दिवस रविवार, आणि परीक्षेचा दिवसही तोच.

कृष्णनाथ दुपारी तीनला गाडी घेऊन आला. येताच त्यानं आईची ट्रंक उचलून गाडीच्या डिकीत ठेवली. "मागीर, निघताना घाई नको," तो मला म्हणाला. माझं डोकं असं फिरलं! परीक्षेआधीच निकाल लावून मोकळा. पण त्याचे डोळे लाल झालेले होते, आणि ट्रंक ठेवताना त्यानं ती अशी हलकेच ठेवली की मी नुसतं 'चल, मांडवात चल' म्हटलं.

चार वाजले. मांडवात डॉक्टर घड्याळ घेऊन, मी, कृष्णनाथ खांबाला टेकून, आणि मधोमध चंद्रावती. गडग्यापलीकडे बावीस जण. तिनं गाऱ्हाणं घातलं, तेच चार शब्दांचं. बाहेरून "व्हय म्हाराजा" आलं. तिनं खुर्ची सोडली आणि उजवा पाय उचलला.

"एक, दोन, तीन, चार, पाच," डॉक्टर वाड्याच्या रीतीनं मोजत होती. "एक..."

तिथं चंद्रावतीची नजर खांबावरून सुटली आणि खांबाला टेकलेल्या मुलावर गेली. त्यानं दोन्ही हात पुढे केले होते, तिला धरायला. ते हात बघितले आणि ती डुलली. घोटा थरथरायला लागला. बोटं खुर्ची शोधू लागली. मी देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा घेत नाही.

"चंद्रावती!" गडग्यापलीकडून बाबुरावांचा आवाज आला. "हंगा पळय! म्हजो पाय वर आसा! तुज्या फाटल्यान हांव!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. भर रस्त्यात, पुडवं गुडघ्यापर्यंत खोचून, बाबुराव एका पायावर उभे होते. "थोरलें घर!" ते ओरडले. "व्हय म्हाराजा!" थोरल्या घराचे पाय एकेक करून उठले. "मधलें घर!" दत्तारामांनी एकदा आभाळाकडे बघितलं, शंका विचारायला जागा आहे का ते पाहिलं असावं, आणि पाय उचलला. मग धाकटं घर, एकमेकांच्या खांद्यांना धरून. बावीस म्हातारी माणसं सरकारच्या रस्त्यावर एका पायावर उभी, समोर येऊन थांबलेली एक रिक्षा, आणि त्यातली माणसं हात जोडून, कारण हा कुठला उत्सव ते त्यांना कळेना.

चंद्रावतीची बोटं खुर्चीपासून परत आली. आता तिला पाय टेकता येणारच नव्हता. तिच्या मागे बावीस पाय वर होते, आणि ते टेकल्याशिवाय पहिल्यानं टेकायचा नसतो. तिनं खांबाकडे नजर लावली. घोटा थरथरायचा थांबला.

रस्त्याकडे बघता बघता डॉक्टर मोजायचंच विसरली होती. "दोन, तीन, चार, पाच. दहा कधीच झाले!" तिनं घड्याळ बंद केलं. "झालं, आजी!"

आजी हलली नाही.

"पुरे, आये," कृष्णनाथ म्हणाला. "झाला म्हणतत ना! टेक पाय!"

तिनं त्याच्याकडे न बघता विचारलं, "तू पाय उचललंस?"

"नाय."

"मगे गप रव."

बाहेर पाय उतरायला लागले होते, धाकट्या घरापासून, रीतसर, एकेक नाव घेऊन. कोणी घाई केली नाही. धाकटं घर उतरलं. मधलं उतरलं. थोरल्या घरातले शेवटून दुसऱ्यापर्यंत उतरले. मग रस्त्यावर एकच पाय वर राहिला आणि मांडवात एक.

मला बाबुरावांची ताकद माहीत होती. दोन मिनिटं ते सहज काढतात, वेळ पडली तर तीन. ती चौऱ्याहत्तर वर्षांची बाई त्यांच्यापुढे किती टिकली असती? त्यांनी नुसतं उभं राहायचं होतं. जन्मात कधी त्यांचा पाय दुसऱ्या कोणाच्या आधी खाली आला नव्हता, त्यांच्या बापाचा नाही, आज्याचा नाही. गडग्यावरून ते तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी पाय टेकला. पुडवं सोडून नीट केलं, घसा साफ केला आणि मोठ्यानं पुकारलं, "भायलें घर!"

"व्हय म्हाराजा!" सगळा रस्ता म्हणाला.

तेव्हा चंद्रावतीनं पाय खाली ठेवला. मी रडले, आणि शिट्टीवाल्या बाईला रडताना बघून रिक्षातली माणसंही रडली, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. दत्ताराम मात्र गडग्यापलीकडून बजावत होते, "आता देवाक सांगून जालें आसा हें. आता बदलूंक मेळचें ना." या नियमाचा मला आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला.

कृष्णनाथ कुठे दिसेना. मला वाटलं, रागावून गेला. बाहेर येऊन बघितलं तर तो गाडीच्या डिकीपाशी वाकून उभा होता, दोन्ही हात ट्रंकेवर टेकून. मग त्यानं ती बाहेर काढली आणि खांद्यावर घेतली. बावीस जणांनी बाजूला होऊन वाट दिली. चंद्रावती पदर खोचून त्याच्या पुढे चालू लागली. तिच्या घराकडची वाट उताराची, एका माणसापुरती. चार पावलं उतरल्यावर ती थांबली, मागे वळली आणि त्याला म्हणाली, "सांबाळून ये रे, हंय शेवाळ आसा."